कफ प्रेशर मीटर: आठ महिने रोज वापरून लिहितेय

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे. वस्तू तळहाताएवढी आहे पण तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी धड बोलत नाही, आणि मला हे सगळं कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं असं मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

मी भूलतज्ज्ञ आहे, पुण्यात फ्रीलान्स करते. म्हणजे सकाळी कोथरूडला सिझर, दुपारी सिंहगड रोडला हर्निया, संध्याकाळी हडपसरला कुणाचा तरी मोडलेला हात. माझी बॅग माझ्याबरोबर फिरते, त्यात माझा लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं पातं), माझ्या ट्यूबा, बुजी म्हणजे ट्यूब आत सरकवायची लांब काडी, सगळं स्वतःचं, कारण प्रत्येक नर्सिंग होममध्ये काय मिळेल काय नाही याचा भरवसा नसतो. त्या बॅगेत आठ महिन्यांपूर्वी हा मीटर आला. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण हाताने वापरायचे डायलवाले मीटर सगळे साधारण एकाच धाटणीचे असतात आणि मला कंपनीबद्दल नाही, मोजण्याबद्दल लिहायचंय.

जे या लाईनमधले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण भूल देताना पेशंटच्या श्वासनलिकेत आम्ही ट्यूब टाकतो, तिच्या खालच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. खोकल्यातून पडतो तो कफ नाही, शर्टाच्या बाहीला असतो तसला कफ, ट्यूबभोवती गुंडाळलेला. तो आत फुगवला की श्वासनलिकेची भिंत आणि ट्यूब यातली फट बुजते, मशीनने दिलेली हवा वरून निसटत नाही आणि तोंडातली लाळ, पोटातलं उलटून आलेलं पाणी, रक्त, काहीही खाली फुफ्फुसात जात नाही. फुगवायला बाहेर एक बारीक नळी आणि तिच्या टोकाला बोराएवढा दुसरा फुगा असतो, पायलट बलून. आतल्या फुग्यात काय चाललंय त्याची बातमी बाहेर देणारा हा एकच जण.

आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट ही आहे की ही बातमी आम्ही बोटांनी वाचतो. पायलट बलून चिमटीत धरायचा, दाबून बघायचं, ठीक वाटला की पुढे. आमच्या सरांनी शिकवलेलं की पिकलेल्या द्राक्षासारखा लागला पाहिजे. मी हजारो केसेस अशा द्राक्षावर केल्या. बहुतेक ठिकाणी तर मी ट्यूब धरून उभी असते आणि दहा सीसीची सिरिंज ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, मामांच्या हातात असते, मी म्हणते मामा कफ भरा, मामा भरतात, कुणी सहा सीसी कुणी आख्खी दहा, मामा बदलले की आकडा बदलतो. त्यात मामांची काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही की किती.

मीटर घेण्याचं कारण एक पेशंट. गाण्याचा क्लास चालवणाऱ्या बाई, वय साधारण पंचावन्न, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं. तासाभराची केस चिकटलेलं असल्यामुळे अडीच तास चालली. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जन खूश, घरचे खूश. दुसऱ्या दिवशी राऊंडला गेले तर बाईंचा आवाज बसलेला. मी म्हटलं होतं असं, ट्यूबमुळे घसा दोन दिवस दुखतो, कोमट पाणी प्या. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या तक्रार करत नव्हत्या, तेच जास्त लागलं मला. म्हणाल्या, मॅडम बोलायला काही त्रास नाही हो आता, पण वरचा सा लागत नाही, लागला तर टिकत नाही, मुली समोर बसलेल्या असतात आणि मला पेटीवर वाजवून दाखवावं लागतं. कान-नाक-घसावाल्या सरांनी दुर्बिणीतून बघितलं, स्वरतंतू दोन्ही नीट हलत होते, सूज होती. साधारण दीड महिन्यात आवाज परत आला.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर तो त्रास कफमुळेच झाला असं मी म्हणू शकत नाही. ट्यूबचा साईज, टाकताना लागलेला धक्का, शेवटी खोकला आला तो, बरीच कारणं असतात. पण त्यांनी मला सरळ विचारलं होतं, मॅडम तो फुगा जास्त फुगला होता का, कारण त्यांच्या भाचीने कुठेतरी वाचलं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा बीपी दर पाच मिनिटांचा लिहिलेला होता, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, नाडी सगळं कागदावर होतं, फक्त हा एक आकडा मी कधी घेतलाच नव्हता. ते मला सहन झालं नाही.

त्याच आठवड्यात सदाशिव पेठेत सर्जिकलच्या दुकानात गेले. पहिल्या दुकानात म्हणाले नाही ठेवत, दुसऱ्या दुकानातल्या काकांनी वरच्या फळीवरून धूळ बसलेला एक डबा काढला पण तो रिकामा निघाला, म्हणाले मॅडम याला मागणी नाही हो, मोठे आयसीयूवालेच नेतात, फ्रीलान्सवालं कुणी मागत नाही, मागवून देतो. आठ दिवसांत आणून दिला आणि बिलाबरोबर कॅलिब्रेशनचं, म्हणजे काटा बरोबर दाखवतो हे तपासल्याचं, सर्टिफिकेटही आठवणीने दिलं, याबद्दल त्या दुकानाला पूर्ण मार्क. किंमत नेमकी लिहीत नाही, दुकानागणिक बराच फरक पडतो, पण माझ्या तीन छोट्या केसेसच्या फीमध्ये बसला. आपण मोबाईल यापेक्षा महाग घेतो.

दिसायला बीपीच्या जुन्या घड्याळासारखाच, गोल डायल, खाली रबराचा छोटा पंप, बाजूला हवा सोडायचं लाल बटण आणि टोकाला सिरिंजच्या तोंडासारखा कनेक्टर. बॅटरी नाही, काही नाही. काटा शून्यापासून १२० सेंटीमीटर पाण्यापर्यंत जातो (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) आणि २० ते ३० चा पट्टा हिरवा रंगवलेला आहे. तो हिरवा पट्टा म्हणजेच सगळी वस्तू, बाकी त्याच्यासाठी आहे.

पहिले काही दिवस मी मुद्दाम असं केलं की आधी नेहमीसारखा बोटाने अंदाज घ्यायचा, मनात म्हणायचं की हा पंचवीस असेल, आणि मग मीटर लावायचा. पहिल्या केसला माझं द्राक्ष निघालं ६४. मला वाटलं मीटर बिघडलाय. काढला, शून्य बघितलं, परत लावला, साठच्या वरच. पुढची केस ४८. मग एक ३८, त्यानंतर एक असा निघाला की काटा नव्वदच्या पुढे गेला आणि त्या दिवशी मामांनी नाही, मी स्वतः हवा भरली होती. हिरव्या पट्ट्यात बसलेल्या फारच थोड्या. एकदा उलटंही झालं, मला छान टणक वाटला आणि निघाला १४. म्हणजे बोट फक्त जास्तच भरतं असंही नाही, बोटाला कळतच नाही. हे नुसतं माझं नाही, अनुभवी भूलतज्ज्ञांच्या बोटाचा अंदाज चुकतो हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा मोजून दाखवलेलं आहे, मी ते शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि तरी मला वाटायचं की ते इतरांच्या बोटाबद्दल आहे.

२० ते ३० च का, हे मामांना आणि सिस्टरना मी एकदा चहाच्या वेळी समजावलं तेव्हापासून ते स्वतःहून विचारायला लागले, म्हणून इथेही लिहिते. श्वासनलिकेच्या आतलं अस्तर नाजूक असतं आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांत दाब फार कमी असतो. बाहेरून फुग्याने त्यापेक्षा जास्त दाबलं की तिथलं रक्त थांबतं. १९८४ साली सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी ४० पेशंटमध्ये दुर्बिणीतून आत बघत बघत कफचं प्रेशर वाढवलं होतं, ३० सेंटीमीटर पाण्याच्या वर गेलं की अस्तराचा रक्तपुरवठा कमी व्हायला लागला, ५० ला कूर्चेच्या कड्यांवरचं अस्तर पार पांढरं पडलं. ३० सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण २२ मिलीमीटर पारा. म्हणजे बीपीच्या हिशोबात बघा किती कमी आहे, आपण १२० बाय ८० च्या गोष्टी करतो आणि इथे २२ ला रेष आहे. आणि पेशंटचा बीपीच खाली असेल, रक्तस्राव झालेला असेल, तर त्याहून कमी प्रेशरलाही अस्तर उपाशी राहू शकतं, हे विसरायचं नाही.

थोडं जास्त राहिलं तर घसा दुखणं, आवाज बसणं, खोकला. फार जास्त आणि फार वेळ राहिलं तर अस्तराला जखम, आवाजाच्या नसेवर दाब, आणि जे दिवसेंदिवस व्हेंटिलेटरवर असतात त्यांच्यात पुढे श्वासनलिका आखडणं किंवा अन्ननलिकेशी भोक पडणं इथपर्यंत. आणि २० च्या खाली गेलं तर कफच्या घड्यांमधून लाळ झिरपून खाली जाते, आयसीयूत त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणजे कमी ठेवून सुरक्षित राहू असंही चालत नाही, दोन्ही बाजूंना दरी आहे आणि मधली वाट दहा सेंटीमीटरची.

एक जुनी गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या गुडेल आणि वॉटर्स यांनी १९२८ मध्ये कफवाल्या ट्यूबबद्दल लिहिलं, आणि त्या काळात कफ खरंच घट्ट बसतो हे दाखवायला गुडेलने स्वतःच्या कुत्र्याला भूल देऊन, कफची ट्यूब टाकून, पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं होतं. कुत्र्याचं नावच एअरवे, म्हणजे श्वासमार्ग. पाणी आत गेलं नाही, कुत्रा सुखरूप शुद्धीवर आला. तेव्हा सगळ्यांची काळजी ही होती की फट राहू नये. फुगा भिंतीला किती दाबतोय ही काळजी खूप नंतरची, तेव्हाचे रबरी कफ छोटे आणि टणक असायचे, आताचे पीव्हीसीचे कफ मोठे, पातळ, सैल असतात म्हणून कमी प्रेशरमध्ये फट बुजते. पण बुजते ती नीट भरला तर. सैल कफमध्येही दहा सीसी कोंबली की तोही टणकच होतो.

आता मूळ मुद्द्यावर येते, नायट्रस. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी भुलेसाठी नायट्रस ऑक्साइड हा वायू चालतो आणि मीही काही ठिकाणी देते. कफमध्ये आपण साधी हवा भरलेली असते, बाहेर श्वासनलिकेत नायट्रस, तो पीव्हीसीच्या पातळ भिंतीतून आत शिरतो, आतली हवा मात्र तेवढ्या वेगाने बाहेर येत नाही, त्यामुळे कुणीही हात न लावता कफ हळूहळू फुगत राहतो. हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलंय. मी डोळ्यांनी बघितलं ते सिंहगड रोडच्या एका केसला. सुरुवातीला २५ वर बरोबर लावला, डायरीत लिहिला. अर्ध्या तासाने लावला तर ३४. हवा सोडून २५ केला. परत अर्ध्या तासाने ३३. परत सोडला. दोन तासांच्या केसमध्ये मी तीनदा हवा काढली, आणि मनात सारखं येत होतं की गाण्याच्या बाईंच्या केसला अडीच तास नायट्रस होता आणि मी एकदाही काढली नव्हती.

तेव्हापासून मीटर फक्त ट्यूब टाकल्यावर नाही, दर अर्ध्या तासाने लावते, आणि शिवाय प्रत्येक वेळी पेशंटची पोझिशन बदलली की. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरला की वाढतं, गर्भाशयाच्या केसला डोकं खाली केलं की वाढतं, थायरॉइडला मान मागे टाकली, सर्जनने जखम फाकवून धरायचा रिट्रॅक्टर लावला की काटा उडी मारतो, मणक्याच्या केसला पालथं केलं की कधी वाढतं कधी कमी होतं. भूल थोडी हलकी होऊन पेशंटने ट्यूबवर जोर केला तरी काटा वर. नायट्रस नसेल, ऑक्सिजन आणि हवेवर केस असेल तर इतकं चढत नाही पण मग लांब केसमध्ये हळूहळू उतरतंही, म्हणून तिथेही लावायचाच. लहान मुलांच्या कफवाल्या ट्यूबेला मी २० च्या वर जाऊ देत नाही, आणि एलएमएचा (श्वासनलिकेत न जाता घशातच बसणाऱ्या मास्कचा) कफ ६० च्या खाली ठेवते, त्यालाही हाच मीटर चालतो.

वापरायची एक खुबी जी डब्यातल्या कागदावर बारीक अक्षरात होती आणि मला तीन आठवड्यांनी कळली. मीटर नुसता पायलट बलूनला जोडला की कफमधली थोडी हवा मीटरच्या नळीत येते, फुस्स असा बारीक आवाज होतो, आणि काटा खरं प्रेशर होतं त्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणजे जोडण्यानेच प्रेशर पडतं. २८ असलेला कफ जोडल्यावर २० दाखवू शकतो, तुम्हाला वाटतं कमी आहे, तुम्ही आणखी भरता. म्हणून आधी टोकावर अंगठा ठेवून पंपाने मीटरच २५ च्या आसपास आणायचा आणि मग पटकन जोडायचा, म्हणजे दोन्हीकडे सारखं असल्यावर हवा इकडेतिकडे पळत नाही. तसंच काढताना एका झटक्यात काढायचं, हळू फिरवत बसलात तर तेवढ्यात निसटते. सवय व्हायला दहाएक केसेस लागतात. आणि जोडून तसाच लटकत ठेवायचा नाही, सारखं जाऊन लावायचा कंटाळा येतो म्हणून मी एकदा ठेवला होता, वजनाने नळी ओढली जात होती आणि सांध्यातून हळूहळू गळून तासाभरात १६ वर आला होता. लावा, बघा, काढा.

वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की मीटर स्वतः बरोबर दाखवतो हे कशावरून. मलाही पडला. सर्टिफिकेट होतं पण मला बघायचं होतं. रविवारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसले, आयव्ही सेटची (सलाइनची) लांब नळी इंग्रजी यू सारखी वाकवून कपाटाच्या दाराला चिकटवली, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी आणि निळ्या शाईचा एक थेंब, एका टोकाला थ्री-वे (तीन तोंडांची छोटी तोटी) लावून मीटर, दुसरं टोक उघडं, आणि शेजारी मोजपट्टी. सेंटीमीटर पाणी हे युनिट म्हणजे शब्दशः पाण्याची उंचीच आहे, त्यामुळे पंप मारला की एका बाजूचं पाणी खाली, दुसऱ्या बाजूचं वर, आणि दोन्ही पातळ्यांमधलं अंतर मोजायचं, फक्त एका बाजूची वाढ नाही, नाहीतर निम्माच आकडा येतो. मुलगा पट्टी धरून उभा होता, तो सांगायचा आई वीस, मी काटा बघायचे. २० ला २०, ३० ला ३१, ६० ला ६२. मला समाधान झालं. दर दोन-तीन महिन्यांनी करते, वीस मिनिटांचं काम आहे. रोजची तपासणी याहून सोपी, टोक अंगठ्याने बंद करून १२० पर्यंत पंप मारायचा आणि काटा तिथे दोन-तीन सेकंद थांबतो का बघायचं, खाली सरकला तर कुठेतरी गळती आहे. आणि काहीच न जोडता काटा शून्यावर आहे ना तेही.

आता खोडी, कारण आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे अंधार. दुर्बिणीच्या केसला ओटीचे दिवे बंद करतात, स्क्रीनच्या उजेडात सगळं चालतं, आणि हा काळा डायल त्या अंधारात दिसत नाही. मी मोबाईलचा टॉर्च लावते, एका हातात टॉर्च, एका हातात मीटर, पायलट बलून धरायला तिसरा हात हवा असतो. सिस्टर मदत करतात पण कंपनीने काट्याला चमकणारा रंग दिला असता तर काय बिघडलं असतं. दुसरं, हवा सोडायचं बटण फार कडक आहे, एक-दोन सेंटीमीटर सोडायचे असतील तर पाच-सात जातात आणि परत पंप मारावा लागतो. तिसरं, पडला की संपला असं समजा. माझा एकदा बॅगेतून फरशीवर पडला, त्यानंतर काटा शून्याऐवजी ४ वर उभा राहायचा, हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बायोमेडिकलच्या मुलाकडे दिला, त्याने दोन दिवसांत नीट करून दिला, तोपर्यंत मी पुन्हा बोटांवर होते आणि ते दोन दिवस मला फार अवघड गेले. पुण्यातले रस्ते आणि स्कूटरची डिकी याचा विचार करून आता मी तो चष्म्याच्या कडक डबीत, आत रुमाल गुंडाळून ठेवते. चौथं, हा पाण्यात बुडवायचा नाही, वाफेने निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हला तर अजिबात नाही, स्पिरिटने पुसायचा आणि मधली नळी प्रत्येक पेशंटला वेगळी. एका ठिकाणी नवीन मावशींनी चांगल्या मनाने तो बाकीच्या सामानाबरोबर धुवायला नेला होता, मी वेळेवर बघितलं.

दुसरे पर्याय मी वापरून बघितलेत. घेण्यापूर्वी बीपीच्या घड्याळाला थ्री-वे लावून जुगाड केला होता, काहीच नसेल तेव्हा करायला हरकत नाही, पण त्यावर पाऱ्याचे मिलीमीटर असतात, म्हणजे आपल्याला हवं ते १५ ते २२ च्या मध्ये येतं, ३०० पर्यंतच्या डायलवर तेवढी जागा नखाएवढी, आणि त्या नळीत हवा इतकी जाते की कफ रिकामाच होतो. गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा गळका आवाज थांबेपर्यंतच भरायचं, ही पद्धत बोटापेक्षा कितीतरी चांगली, मीटर नसेल तर हीच करा, पण एका तासाने नायट्रस शिरल्यावर ती तुम्हाला काही सांगत नाही. एका मैत्रिणीकडे सिरिंजसारखा डिजिटल मीटर आहे, आकडा स्क्रीनवर दिसतो, अंधारात उत्तम, भरणं-काढणं त्यातच, हाताला फार छान. पण तिच्याकडच्याला वापराची मर्यादा आहे, ठरावीक वेळा झाल्या की फेकायचा, माझ्यासारख्या दिवसाला चार केसेस करणाऱ्याला परवडत नाही. आणि मोठ्या आयसीयूत प्रेशर आपोआप धरून ठेवणारी मशीन असतात, ते आदर्शच, पण ते नर्सिंग होममध्ये कुणी घेणार नाही.

माझ्या मामांबद्दल एक सांगायचंच आहे. कोथरूडचे मामा, वीस वर्षं ओटीत आहेत. सुरुवातीला त्यांना वाटलं मी त्यांचं काम तपासतेय, जरा गप्प गप्प असायचे. एक दिवस त्यांच्या हातात मीटर दिला आणि म्हटलं मामा तुम्हीच भरा आणि तुम्हीच बघा. दहा सीसीची सिरिंज नेहमीसारखी ढकलली, काटा नव्वदला टेकला. ते काटा बघत उभे राहिले, मग हळूच हवा परत सिरिंजमध्ये ओढत २६ वर आणला, सिरिंज वर धरून बघितली आणि म्हणाले, मॅडम साडेपाचच लागली की हो. त्यानंतर त्या ओटीत मी नसते तेव्हाही ते दुसऱ्या डॉक्टरांना विचारतात, सर मीटर आहे का. आता ते पाच सीसीची सिरिंज काढून ठेवतात, दहाची उघडतच नाहीत.

घसा दुखणं पूर्ण थांबलं का, तर नाही. ट्यूब टाकली की काही जणांचा दुखतोच, आणि मी मोजून ठेवलेलं नाही त्यामुळे किती कमी झालं ते सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या राऊंडला पेशंटने विचारलं तर माझ्या चार्टवर बीपीच्या खाली एक ओळ असते, कफ २४, २६, २५, २७, वेळेसकट. शाळेतल्या बाई असोत, कीर्तनकार असोत, मंडईत ओरडून भाजी विकणाऱ्या मावशी असोत, आवाज सगळ्यांचाच पोटापाण्याचा असतो.

माझे मार्क पाचपैकी साडेचार, अर्धा अंधाराचा आणि बटणाचा कापला. घेणार असाल तर दुकानात उघडूनच घ्या, शून्य बघा, अंगठा लावून १२० ची टेस्ट तिथेच करा, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवरचा नंबर आणि डायलच्या मागचा नंबर एक आहे का बघा, आणि जोडायची लांब नळी वेगळी मागून घ्या, माझ्या डब्यात ती नव्हती आणि पहिला आठवडा मी पेशंटच्या गालाला मीटर टेकवून काम केलं.